विमा कंपनीने क्लेम नाकारला तर काय करायचे?

वस्तीतल्या घरात मोठे आजारपण आले की पैशाची जुळवाजुळव ठरलेली असते. आधी बचत गटाचे कर्ज, मग अंगावरचे सोने गहाण, आणि तेही पुरले नाही तर व्याजाने उचललेले पैसे. हे टळावे म्हणून आता बरीच घरे पोटाला चिमटा काढून आरोग्य विम्याचा हप्ता भरतात. पण प्रत्यक्ष आजारपणात विमा कंपनीकडून पत्र येते, ‘तुमचा क्लेम नामंजूर करण्यात आला आहे.’ पत्र इंग्रजीत असते. त्यात कलमांचे आकडे असतात. घरातले लोक ते एकदा वाचून घेतात, नशिबाला दोष देतात आणि कपाटात ठेवून देतात.

कंपनीला याचाच फायदा होतो. म्हणून या पाठात एकच गोष्ट नीट समजून घेऊ. नकाराचे पत्र म्हणजे फक्त कंपनीचे म्हणणे. ते बरोबर आहे की चूक, हे ठरवायला कायद्याने वेगळ्या जागा केलेल्या आहेत. तिथे जायला पैसे लागत नाहीत, वकीलही सक्तीचा नाही. लागते ते एवढेच: कागद जपून ठेवणे आणि मुदत न चुकवणे.

एक उदाहरण धरून चालू

समजा, घरकाम करणाऱ्या एका ताईंनी कुटुंबासाठी ३ लाखांची पॉलिसी घेतली. दोन वर्षे हप्ते वेळेवर भरले. तिसऱ्या वर्षी नवऱ्याला डेंग्यू झाला. सहा दिवस दवाखान्यात भरती, बिल ८२ हजार. दवाखान्याने कॅशलेससाठी विचारणा केली, ती नाकारली गेली. ताईंनी उसनवारी करून बिल भरले आणि कागद कंपनीला पाठवले. महिन्याभराने पत्र आले: ‘पेशंटला पूर्वीपासून ब्लड प्रेशर होते. ते अर्जात लिहिले नाही. माहिती लपवल्यामुळे क्लेम नामंजूर.’

आता एकेक पायरी पाहू.

कॅशलेस नाकारले म्हणजे क्लेम नाकारला असे नाही

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कॅशलेस म्हणजे कंपनी दवाखान्याला थेट पैसे देते. ते नाकारले तरी बिल स्वतः भरून नंतर पैसे परत मागण्याचा हक्क राहतो. म्हणून कॅशलेस नाही म्हटल्यावर ‘विमा गेला’ असे समजू नका. डिस्चार्ज कार्ड, सविस्तर बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांची बिले, तपासण्यांचे रिपोर्ट आणि केसपेपरची प्रत हे सगळे दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी मागून घ्या. मूळ कागद कंपनीला देण्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर फोटो घ्या.

विमा क्षेत्रावर देखरेख करणारी सरकारी संस्था म्हणजे भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण. तिने मे २०२४ मध्ये आरोग्य विम्यासाठी नवे नियम कंपन्यांना लागू केले. त्यानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो. डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. त्याहून उशीर झाल्यामुळे दवाखान्याने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे असतात. पेशंटला दुपारपासून रात्रीपर्यंत बसवून ठेवले असेल, तर वेळ लिहून ठेवा. ती नोंद पुढे कामी येते.

पहिले काम: कारण लेखी घ्या

‘फोनवर सांगितले, नाही मिळणार’ याला अर्थ नाही. क्लेम पूर्ण नाकारला किंवा काही रक्कम कापली, तर कंपनीने कारण लेखी कळवले पाहिजे आणि पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नाकारले तेही सांगितले पाहिजे. २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीची मान्यता असल्याशिवाय क्लेम नाकारता येत नाही.

अनेकदा पत्र ‘टीपीए’चे असते. टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद हाताळणारी मधली संस्था. क्लेम नाकारण्याचा निर्णय तिचा नसतो, तो विमा कंपनीचाच असावा लागतो. म्हणून लेखी उत्तर कंपनीकडूनच मागा.

पत्र मिळाले की त्यातले कलम पॉलिसीच्या पुस्तिकेत शोधा. इंग्रजी जमत नसेल तर विहारात रविवारच्या वंदनेनंतर शिकलेल्या मुला-मुलींपैकी कोणाला तरी शेजारी बसवा. पत्रातले वाक्य आणि पुस्तिकेतले वाक्य एकच आहे का, एवढे पाहायचे. कित्येकदा तिथेच फरक सापडतो.

नकाराची नेहमीची कारणे आणि त्यावरचे उत्तर

१. ‘आधीचा आजार लपवला.’ वरच्या उदाहरणातल्या ताईंना हेच कारण दिले. इथे चार प्रश्न विचारायचे.

पहिला, पॉलिसीला सलग किती वर्षे झाली? सलग ६० महिने, म्हणजे ५ वर्षे पूर्ण झाली असतील, तर माहिती लपवली या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक झाल्याचे सिद्ध केले तरच अपवाद. पूर्वी ही मुदत ८ वर्षांची होती, २०२४ मध्ये ती कमी झाली. म्हणून हप्ता चुकवू नका. खंड पडला की ही वर्षे वाया जाऊ शकतात.

दुसरा, लपवला म्हणतात त्या आजाराचा आणि आताच्या आजाराचा काही संबंध आहे का? डेंग्यू डास चावल्याने होतो, ब्लड प्रेशरमुळे नाही. आयुर्विम्याच्या एका प्रकरणात मृत व्यक्तीने पाठीच्या मणक्याचे दुखणे कळवले नव्हते, पण मृत्यू हृदयविकाराने झाला होता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कारणावरून क्लेम नाकारणे चूक ठरवले. ताईंच्या अर्जात हा मुद्दा ठळक यायला हवा.

तिसरा, अर्जात तो प्रश्न विचारला होता का, आणि रकाना कोरा असताना कंपनीने हप्ता घेतला का? डिसेंबर २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, अर्जातले रकाने अपुरे असतील तर कंपनीने ते भरून मागावेत. तसे न करता हप्ता घेऊन पॉलिसी दिली, तर नंतर त्याच कारणावर क्लेम नाकारता येणार नाही. म्हणून कंपनीकडे आपल्या भरलेल्या अर्जाची प्रत मागा.

चौथा, पुरावा काय? पुष्कळदा कंपनीकडे केसपेपरवरची एकच ओळ असते. भरतीच्या गडबडीत नातेवाईक म्हणतात, ‘बीपीचा त्रास आहे बऱ्याच वर्षांपासून,’ आणि डॉक्टर लिहितात, ‘पाच वर्षांपासून’. केवळ अशी नोंद पुरेसा पुरावा होत नाही, असे ग्राहक आयोगांनी अनेक प्रकरणांत म्हटले आहे. डॉक्टरांना खरेच सांगा, पण नेमके सांगा. नोंद चुकली असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दुरुस्तीचे लेखी पत्र घ्या.

याचा अर्थ आजार लपवला तरी चालतो, असा मुळीच नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार लपवल्याच्या मेडिक्लेम प्रकरणात कंपनीचा नकार योग्य ठरवला होता. अर्ज भरताना ‘काही नाही असे लिहा, लगेच पॉलिसी मिळेल’ असे एजंट म्हणाला तर ऐकू नका. खाली सही तुमची असते आणि पुढचे नुकसानही तुमचेच होते.

२. ‘भरती होण्याची गरज नव्हती.’ कंपनी म्हणते, हा उपचार घरीही झाला असता. भरती का करावी लागली, हे उपचार करणारे डॉक्टर सांगू शकतात. प्लेटलेट किती खाली आल्या, ताप किती होता, सलाइन का लावावे लागले, हे त्यांच्या सही-शिक्क्याच्या पत्रावर घ्या. हेही लक्षात ठेवा की मोतीबिंदूचे ऑपरेशन, डायलिसिस, केमोथेरपी अशा उपचारांना २४ तास भरती असण्याची अट लागत नाही.

३. ‘उशिरा कळवले’ किंवा ‘कागद अपुरे.’ पेशंट अतिदक्षता विभागात असताना घरच्यांना अर्जाचे भान नसते, हे कोणालाही कळते. केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये, असे विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, उशिराचे समाधानकारक कारण असेल तर खरा क्लेम त्यावरून नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. उशीर का झाला ते अर्जात साध्या शब्दांत लिहा.

४. ‘एवढीच रक्कम मिळेल.’ हा अर्धा नकार असतो आणि तो सहसा खोलीभाड्यावरून येतो. पॉलिसीत दिवसाला ३ हजारांची खोली मान्य असेल आणि तुम्ही ६ हजारांची घेतली, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च असा संबंधित खर्चही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. पण औषधे, रोपण केलेली साधने आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या खर्चालाही ती लागू नाही. कापलेल्या रकमेचा तक्ता मागा आणि एकेक ओळ तपासा.

कंपनी बरोबर असते तेव्हा

प्रत्येक नकार अन्याय नसतो, हेही कळले पाहिजे. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून अन्य आजाराचा क्लेम मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा अशा ठरावीक आजारांसाठी आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबण्याचा काळ असतो. तो जास्तीत जास्त ३ वर्षांचा असू शकतो. हप्ता न भरल्याने पॉलिसी बंद पडली असेल तरी क्लेम मिळत नाही. अशा वेळी तक्रारीत वेळ घालवण्यापेक्षा सरकारी योजनेचा मार्ग पाहावा.

दाद मागण्याच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी: कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. प्रत्येक कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो. त्याचा पत्ता आणि ईमेल पॉलिसीवर छापलेला असतो. त्याला लेखी तक्रार द्या. ईमेलने पाठवली तर प्रत जपा, पोस्टाने पाठवली तर स्पीड पोस्टची पावती जपा, हाताने दिली तर दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. साधारण दोन आठवड्यांत उत्तर मिळायला हवे. त्याचबरोबर विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. नियामक स्वतः निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीकडे पाठवतो आणि तिच्यावर लक्ष ठेवतो.

दुसरी पायरी: विमा लोकपाल. कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा एक महिन्यात उत्तरच दिले नाही, किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तुमच्या भागाला कोणते लागू आहे, ते पॉलिसीच्या शेवटी दिलेल्या यादीत पाहा. इथे फी नाही आणि वकील चालत नाही. तुम्ही स्वतः बोलायचे. पॉलिसीधारक हयात नसेल तर वारस किंवा नॉमिनी तक्रार करू शकतो. ५० लाखांपर्यंतच्या मागणीची तक्रार इथे चालते. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे.

सर्व कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत लोकपालाने निवाडा द्यायचा असतो. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो तिने ३० दिवसांत पाळायचा असतो. न पाळल्यास दिवसाला ५ हजार रुपये तक्रारदाराला देण्याची तरतूद २०२४ च्या नियमांत आहे. निवाडा तुमच्याविरुद्ध गेला तर मात्र तो मान्य करण्याची सक्ती तुमच्यावर नाही. पुढची पायरी खुली राहते.

तिसरी पायरी: जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. लोक याला अजूनही ‘ग्राहक मंच’ म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे विमा ही ‘सेवा’ आहे आणि हप्ता भरणारा ग्राहक आहे. चुकीच्या कारणाने क्लेम नाकारणे म्हणजे सेवेतील त्रुटी. कंपनीचे मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. विम्याचा भरलेला हप्ता ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. म्हणजे आपल्या घरांतल्या पॉलिसींना फी लागणारच नाही. मुदत नकारापासून २ वर्षांची. क्लेमची रक्कम, त्यावरचे व्याज, झालेल्या त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, असे चारही मागता येते.

एकाच वेळी दोन्ही ठिकाणी जाता येत नाही. आयोगात किंवा न्यायालयात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही. म्हणून आधी लोकपाल, मग गरज पडली तर आयोग, हा क्रम सोयीचा. पण लोकपालाच्या निकालाची वाट पाहताना आयोगाची दोन वर्षांची मुदत डोळ्यासमोर ठेवा.

मोफत वकील मिळवण्याचा हक्क

आयोगात स्वतः उभे राहता येते. तरी वकिलाची मदत हवी असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींनाही हा दर्जा मिळाला आहे, म्हणून जातीचा दाखला बरोबर न्या. तक्रार घरातल्या ताईंच्या नावे असेल तर महिला म्हणूनही हक्क आहेच. मदतीचा क्रमांक १५१००. ग्राहक हक्कांबद्दल माहितीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

अर्जाचा नमुना

कंपनीच्या अधिकाऱ्याला द्यायचा अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. आपल्या उदाहरणातल्या ताई असे लिहू शकतील:

*प्रति,*
*मा. तक्रार निवारण अधिकारी, (विमा कंपनीचे नाव व पत्ता)*

*विषय: क्लेम नाकारल्याबद्दल तक्रार. पॉलिसी क्रमांक … क्लेम क्रमांक …*

*महोदय/महोदया,*
*मी वरील पॉलिसीचा हप्ता दिनांक … पासून सलग भरत आहे. माझे पती दिनांक … ते … या काळात … रुग्णालयात डेंग्यूसाठी भरती होते. एकूण खर्च ८२,००० रुपये झाला. सर्व मूळ कागदपत्रे दिनांक … रोजी सादर केली आहेत.*

*आपण दिनांक … च्या पत्राने, ब्लड प्रेशरची माहिती दिली नाही या कारणावरून क्लेम नाकारला. हे कारण मला मान्य नाही. (१) डेंग्यूचा ब्लड प्रेशरशी संबंध नाही. तसे डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. (२) पॉलिसी घेण्यापूर्वी माझ्या पतींना हा आजार होता, याचा कोणता पुरावा आपल्याकडे आहे, त्याची प्रत द्यावी. (३) माझ्या भरलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत द्यावी. (४) पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली आणि कोणत्या समितीच्या मान्यतेने क्लेम नाकारला, ते लेखी कळवावे.*

*क्लेमची पूर्ण रक्कम व्याजासह द्यावी, अन्यथा मला विमा लोकपाल व ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.*

*आपली विश्वासू, (नाव, पत्ता, मोबाइल, सही, दिनांक)*
*सोबत: पॉलिसीची प्रत, नकाराचे पत्र, डिस्चार्ज कार्ड, बिले, डॉक्टरांचे पत्र.*

दुसरा मुद्दा खरा असेल तरच लिहा. ब्लड प्रेशर आधीपासून होते आणि ते एजंटला तोंडी सांगितले होते, तर तसेच लिहा. खोटे लिहिलेला एक मुद्दा बाकीच्या खऱ्या मुद्द्यांनाही बुडवतो.

खासगी पॉलिसी नसेल तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार अंगीकृत रुग्णालयांत मोफत मिळतात. इथला मार्ग वेगळा आहे. अशा रुग्णालयाने ‘योजनेत बसत नाही’ म्हटले किंवा योजनेतल्या उपचारासाठी पैसे मागितले, तर आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. काम झाले नाही तर पेशंट भरती असतानाच १५५३८८ वर तक्रार नोंदवा. पैसे भरावेच लागले तर पावती घेतल्याशिवाय भरू नका. रेशन कार्ड आणि आधार यांवरच्या नावात फरक असेल तर तो आजच दुरुस्त करून घ्या. आजारपणात त्यासाठी धावपळ करणे फार अवघड जाते.

आता करायचे काम

आज घरातली पॉलिसी काढा. नवीन घेतली असेल आणि अटी पटत नसतील, तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. जुनी असेल तर एका कागदावर मोठ्या अक्षरांत पाच गोष्टी लिहा: पॉलिसी क्रमांक, सुरू झाल्याची तारीख, पुढचा हप्ता कधी, खोलीभाड्याची मर्यादा किती आणि तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल. तो कागद पॉलिसीला टाचून ठेवा आणि कुठे ठेवला ते घरातल्या सगळ्यांना सांगा. आणि कपाटात जुने नकाराचे पत्र पडून असेल, तर त्यावरची तारीख पाहा. वर्ष झाले नसेल तर लोकपालाकडे आणि दोन वर्षे झाली नसतील तर ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ अजून गेलेली नाही.